उचललेल्या गाडीखाली जाण्यापूर्वी: जॅक, स्टँड आणि आधाराचा विचार

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या घरी इंजिन ऑइल आणि पुढचे ब्रेक पॅड बदलायचे आहेत, गाडीसोबत मिळालेला जॅक हाताशी आहे, बांधकामातून उरलेले सिमेंटचे पोकळ ब्लॉकही आहेत, एवढ्या सामानावर गाडीखाली शिरता येईल का, की तीन टनी हायड्रॉलिक जॅक घेतला म्हणजे काम भागेल? माझे उत्तर असे की यांपैकी कशाच्याही भरवशावर गाडीखाली जाऊ नये. जॅक लहान असो वा मोठा, त्याचे काम गाडी वर नेण्याचे आणि पुन्हा खाली आणण्याचे. मधल्या वेळात गाडी धरून ठेवण्याचे काम जॅक स्टँडचे, म्हणजे फाकलेल्या पायांच्या, उंची बदलता येणाऱ्या पोलादी टेकूचे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी स्टँडची एक चांगली जोडी आणि चाकांना लावायच्या पाचरी घ्याव्यात, मोठ्या जॅकचा विचार त्यानंतर करावा.

टनांच्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, म्हणून तो हिशेब आधी मांडतो. मध्यम आकाराची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी १२०० किलोची धरली आणि तिचा साधारण ६० टक्के भार पुढे धरला, तर पुढची बाजू ७२० किलोची होते. ती दोन स्टँडवर ठेवली की प्रत्येकावर ३६० किलो येतात. दोन टनी जॅकला किंवा बऱ्यापैकी स्टँडला हे ओझे काहीच नाही. तरीही गाड्या पडतात, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक गाड्या आधार वजनाने मोडला म्हणून पडलेल्या नाहीत. त्या आधी पुढे-मागे किंवा आडव्या सरकल्या, आधार कलंडला आणि मग त्या खाली आल्या. जॅकवर छापलेली क्षमता सरळ खाली येणाऱ्या भाराची असते. आडव्या धक्क्याबद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे गाडी आडवी सरकू नये यासाठीच आहे.

गाडीसोबत येणारा कात्रीसारखा जॅक रस्त्यात पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता बनवलेला असतो. त्याची बैठक अरुंद, उंची जास्त आणि सगळा भार एका आडव्या स्क्रूवर. बाटलीसारख्या उभ्या, हायड्रॉलिक बॉटल जॅकमध्ये ताकद भरपूर असते, पण त्याचे डोके लहान आणि बूड त्याहून फारसे मोठे नसते, त्यामुळे तो जराही तिरपा बसला की घसरण्याच्या बेतात असतो. चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा ट्रॉली जॅक या सगळ्यांत स्थिर; मात्र त्यातही गाडी शेवटी रबरी सीलमागे कोंडलेल्या तेलावरच उभी असते. सील झिजले किंवा तेल सोडून जॅक खाली आणणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला की जॅक हळूहळू खाली बसू लागतो, आणि व्हॉल्व्ह सुटायला त्याच्या दांड्याला चुकून बसलेला एखादा हिसकाही पुरतो. जॅकमधले तेल कमी झाले असेल तर त्यात जॅकसाठीचे हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइल घातले तर सीले फुगतात आणि तो जॅक पुन्हा भरवशाचा राहत नाही.

पोकळ ब्लॉक आणि विटांबद्दल मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. भिंतीत ब्लॉकवर येणारा भार मसाल्याच्या थरातून त्याच्या सर्व पृष्ठभागावर पसरतो. गाडीखाली तोच भार एखाद्या इंचभर कडेवर एकवटतो. त्यात काँक्रीट ताणात कमजोर आणि ठिसूळ असल्यामुळे ते वाकत नाही, आधी सूचनाही देत नाही, एकदम फुटते. कित्येक जण ब्लॉक आडवे ठेवतात, म्हणजे पोकळ्या बाजूला येतात. तेव्हा तर वरची पातळ भिंत पुलासारखी अधांतरी असते. लाकडाचा स्वभाव वेगळा आहे. जाड, सलग, न चिरलेल्या लाकडाचे ओंडके एकावर एक आलटून-पालटून काटकोनात रचले तर तो आधार उत्तम असतो, कारण लाकूड तुटण्यापूर्वी दबते आणि कुरकुरते. फक्त रचलेल्या थराची उंची त्याच्या तळाच्या रुंदीच्या दुपटीपलीकडे नेऊ नये.

आता जमीन. सपाट, कोरडी काँक्रीटची फरशी असेल तर बरे. डांबर उन्हात मऊ पडते आणि स्टँडचे पाय त्यात तासाभरात रुतू शकतात. पेव्हर ब्लॉक एकेकटे हलतात. मातीबद्दल तर बोलायलाच नको. अशा ठिकाणी स्टँडखाली जाड प्लायवुडचा किंवा पोलादी पत्र्याचा रुंद तुकडा द्यावा, म्हणजे पायाखालचा भार पसरतो. गुळगुळीत टाइल्सवर उलटी अडचण येते: तिथे काही रुतत नाही, पण सगळेच घसरते. उतार कितीही किरकोळ वाटला तरी तिथे हे काम करू नये, आणि ‘पाचर लावून भागवू’ असे म्हणू नये.

सर्वांत जास्त गैरसमज चाके रोखण्याबाबत दिसतात. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे ती जागची हलणार नाही, असे पुष्कळांना वाटते. चारही चाके जमिनीवर असेपर्यंत ते खरे आहे. परंतु बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की तो हवेतली चाके धरून बसतो आणि जमिनीवरची पुढची चाके मोकळी राहतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या वेळी निदान गिअर तरी उपयोगी पडतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मागची बाजू उचलली तर हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला. अशा वेळी ती गाडी केवळ पाचरींवर उभी असते.

गिअरच्या भरवशातही एक खोच आहे, ती डिफरन्शियलची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या जोडणीची. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक एका दिशेने आणि दुसरे उलट दिशेने फिरू शकते, इंजिनाकडून येणारा शाफ्ट जागच्या जागी अडवलेला असला तरीही. म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एकच पुढचे चाक उचलले तर गिअर, किंवा ऑटोमॅटिक गाडीतले ‘पी’ (पार्क), जमिनीवरच्या दुसऱ्या पुढच्या चाकाला अडवू शकत नाही. उचललेले चाक उलटे फिरते आणि गाडी सरकते. अशा वेळी आधार असतो तो मागच्या हँडब्रेकचा आणि पाचरींचा. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या काही गाड्यांत तर हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर बॉक्समधून, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतून, बाहेर येणाऱ्या शाफ्टवर असतो, त्यामुळे तिथे मागचे एक चाक उचलले की हँडब्रेकचीही हीच गत होते. आपल्या गाडीत कोणता ब्रेक कोणत्या चाकाला लागतो हे ठाऊक नसेल तर ते शोधल्यावाचून जॅकला हात लावू नये. पाचरी जमिनीवर राहणाऱ्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, टायरला घट्ट भिडतील अशा ठोकाव्यात. हाताला सापडलेला गोल दगड म्हणजे पाचर नव्हे. तो चाकाबरोबर गडगडतो.

चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. एक्सलच्या मधला मोठा नट काढायचा असेल तर तोही याच वेळी सैल करावा, कारण त्याला लागणारा जोर उचललेल्या गाडीवर लावणे धोक्याचे असते.

जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते आणि त्याला पर्याय नाही. साधारणपणे दारांखाली जी पत्र्याची उभी शिवण असते, तिच्यात पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे मजबूत केलेला छोटा भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा किंवा वर बाणाची खूण असते. त्या भागाच्या बाहेर त्याच शिवणीवर जॅक लावला तर ती कागदासारखी मुडपते. जॅकच्या डोक्यावर मधोमध खाच असलेला रबरी पॅड ठेवला की शिवण त्या खाचेत बसते आणि भार दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर पसरतो. मधून उचलायचे असेल तर पुढचा सब-फ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा पोलादी सांगाडा) किंवा क्रॉस मेंबर (त्यातली आडवी तुळई) आणि मागचा भक्कम एक्सल, तोही पुस्तिकेने परवानगी दिली असेल तरच. ऑइल चेंबर, गिअरबॉक्सचे कवच, रेडिएटरखालची पट्टी, सायलेन्सर, स्टिअरिंगचे रॉड आणि दोन शिवणींमधला मोकळा पत्रा, यांपैकी कशालाही जॅक लागता कामा नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत जवळजवळ सगळा तळ बॅटरीने व्यापलेला असतो. तिथे ठरवून दिलेल्या जागा सोडून एक इंचही इकडेतिकडे चालत नाही. हवेचे सस्पेन्शन असेल तर आधी त्याचा जॅकसाठीचा मोड चालू करावा, नाहीतर गाडी आपली उंची आपणच बदलू लागते.

घरी काम करणाऱ्यांची नेहमीची अडचण अशी की जॅकने शिवणीची मजबूत जागा अडवली, मग स्टँड कुठे लावायचा? शक्य असेल तर जॅक मध्ये क्रॉस मेंबरला लावावा आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीच्या जागा स्टँडसाठी मोकळ्या ठेवाव्यात. तसे करता येत नसेल तर शिवणीवर जॅक लावून स्टँड आत सब-फ्रेमच्या त्या भागाखाली द्यावा, जिथे तो बोल्टने चासीला जोडलेला असतो. स्टँड हलत्या भागाखाली, म्हणजे सस्पेन्शनच्या आर्मखाली, देऊ नये. तो आर्म चाक काढल्यावर आपली जागा बदलतो.

ट्रॉली जॅक चालवताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. त्याचा आर्म कमानीत वर जातो, त्यामुळे डोके वर जाता जाता थोडे मागे येते, आणि हा फरक भरून काढण्यासाठी जॅक स्वतः आपल्या चाकांवर गाडीखाली पुढे सरकायला हवा. त्याच्या चाकाखाली खडा किंवा फरशीची फट आली तर जॅक अडतो आणि सरकते ती गाडी. म्हणून जॅकखालची जागा झाडून घ्यावी आणि दर चार-पाच हापशांनंतर थांबून जॅकची चाके फिरताहेत का, डोके मूळ जागेवर आहे का, हे वाकून बघावे. गाडी उचलत असताना कोणीही तिच्यात बसू नये, आणि शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली नसावा, स्टँड सरकवतानाही नाही. स्टँड त्याच्या पायाला धरून बाहेरून ढकलावा.

स्टँड घेताना त्यावरची क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे नीट वाचावे. पुष्कळदा ती जोडीची असते. पाय जितके फाकलेले तितके चांगले, आणि काम होईल इतक्याच कमी उंचीवर स्टँड लावावा, कारण दांडा जितका वर काढाल तितका तो लवकर कलंडतो. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात दांड्याला दाते असतात आणि खटका त्यात अडकतो. दुसऱ्यात दांड्याच्या आरपार भोकातून पिन जाते. दात्यांचा स्टँड भराभर लागतो, पण खटका पूर्ण बसला आहे की दात्याच्या टोकावर टेकला आहे हे वरवर पाहून कळत नाही. मी असा स्टँड लावताना दांडा हव्या उंचीच्या किंचित वर उचलतो, खटक्याची मूठ खाली पूर्ण बसू देतो, मग दांडा तळहाताने जोरात खाली दाबतो आणि मूठ पुन्हा एकदा खाली ठोकतो. नीट बसलेल्या खटक्याचा आवाज भरीव येतो, हाताला ढिलाई लागत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीने पिट्सबर्ग नावाने विकलेले तीन टनी व सहा टनी स्टँड परत मागवले, ते नेमके खटका दात्यांत पुरेसा बसत नसल्यामुळे. साचे झिजल्याने दात्यांच्या मापात फरक पडला होता. त्या बदल्यात दिलेल्या काही स्टँडवरही नंतर वेल्डिंगच्या दोषामुळे हीच वेळ आली. मला स्वतःला पिनचा स्टँड अधिक पसंत आहे, कारण पिन आरपार गेली आहे हे डोळ्यांना दिसते. मात्र ती त्याच स्टँडची पिन असावी; हरवलेल्या पिनच्या जागी स्क्रू ड्रायव्हर किंवा मिळेल तो बोल्ट घालणाऱ्याला मी गाडीच्या जवळ येऊ देत नाही. वाकलेला पाय, वेल्डिंगला गेलेला तडा, गंजून पातळ झालेला पत्रा, यांपैकी काहीही दिसले तर तो स्टँड भंगारात द्यावा, दुरुस्त करू नये.

दोन्ही स्टँड एकाच उंचीवर लावून झाले की जॅकचा व्हॉल्व्ह अगदी किंचित, पाव फेऱ्याहूनही कमी, उघडावा आणि गाडी दोन्हींवर सारखी बसते आहे ना ते बघावे. चारही पाय जमिनीला टेकलेले हवेत. एखाद्या पायाखालून कागद सरकत असेल तर गाडी पुन्हा उचलून स्टँड हलवावा. यानंतरची पायरी पुष्कळ जण गाडी पडेल या भीतीने टाळतात: गाडीच्या मडगार्डला दोन्ही हात लावून ती आडवी आणि पुढे-मागे चांगली हलवावी. पडायची असेल तर ती आत्ताच पडू दे, आपण बाहेर असताना. हलवल्यावर काही सरकले नाही, काही वाजले नाही, तर जॅक पुन्हा वर घेऊन गाडीला हलकेच भिडेल असा ठेवून द्यावा आणि काढलेली चाके दारांखालच्या पत्र्याखाली आडवी सरकवावीत. स्टँडने दगा दिलाच तर गाडी चाकावर थांबते आणि माणसाला छातीएवढी जागा मिळते.

काम करताना जोर कोणत्या दिशेने लागतो याचे भान ठेवावे. गंजलेला बोल्ट सोडवायला लांब पाइप लावून आडवा हिसका देणे म्हणजे मघाशी केलेली हलवण्याची चाचणी स्वतः खाली असताना करणे होय. अशा बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि पान्हा शक्यतो असा लावावा की जोर गाडीच्या लांबीच्या दिशेने किंवा वर-खाली लागेल. बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा किंवा स्टिअरिंगचा गोळीदार सांधा) सोडवताना हातोड्याने ठोकण्यापेक्षा त्यासाठीचा पुलर, म्हणजे ओढून सोडवणारे हत्यार, वापरावा. जड भाग उतरवायचा असेल तर भाराचे केंद्र बदलते हे ध्यानात घ्यावे: चारही बाजूंनी स्टँडवर असलेल्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स काढले की तिचा तोल मागे जातो, आणि मागचे स्टँड मागच्या चाकांपासून बरेच पुढे लावलेले असतील तर गाडीचे नाक वर उचलले जाऊ शकते. चारही चाकांवर चालणारी गाडी एकाच बाजूने उचलून चालू स्थितीत गिअरमध्ये कधीही टाकू नये; जमिनीवरची चाके तिला स्टँडवरून खेचून नेतात.

गाडी चारही बाजूंनी उचलायची असेल तर एक बाजू एकदम पूर्ण उंचीवर नेऊ नये. पुढची बाजू थोडी, मग मागची थोडी, असे टप्प्याटप्प्याने न्यावे, कारण मागची बाजू वर जाताना पुढच्या स्टँडवरची गाडी कोन बदलते आणि स्टँड तिरपे ओढले जातात. प्रत्येक टप्प्यानंतर चारही स्टँडचे पाय पुन्हा बघावेत. केवळ ब्रेक पॅडसाठी याची काहीच गरज नाही.

खरे तर विचारलेल्या दोन कामांपैकी ऑइल बदलण्यासाठी स्टँडपेक्षा रॅम्प सोपा आहे. पुढची चाके रॅम्पवर चढवली की गाडी आपल्याच टायरांवर उभी असते, मागची चाके जमिनीवर असल्याने हँडब्रेक काम करतो, आणि मागच्या चाकांना पाचरी लावल्या की झाले. चढवताना बाजूला एक जण खुणा करायला असावा, आणि फरशी गुळगुळीत असेल तर रॅम्पखाली रबरी चटई द्यावी, नाहीतर चाक चढण्याऐवजी रॅम्पच पुढे ढकलला जातो. ब्रेक पॅडच्या कामात चाक काढावे लागते, म्हणून तिथे स्टँड हवेतच. पण त्या कामात गाडीखाली झोपावे लागत नाही, बाजूला बसून काम होते, आणि सुरुवात करणाऱ्याने आधी तेच काम करावे असे मी सुचवेन.

एकट्याने काम करायचे असेल तर घरात कोणाला तरी सांगून ठेवावे, फोन गाडीवर न ठेवता खिशात ठेवावा आणि लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना तिकडे फिरकू देऊ नये. जॅकचा दांडा बाहेरच्या माणसाला लगेच सापडेल असा असावा. अडकलेल्या माणसाला ओढून काढण्यापेक्षा गाडी वर घेणे आणि रुग्णवाहिका बोलावणे हेच आधी करायचे असते.

उतरवताना घाई होते, कारण काम संपलेले असते. खालची हत्यारे, ऑइलचा ट्रे, टेकू दिलेली चाके बाहेर काढावीत, काढलेली चाके बसवून नट हातानेच आवळावेत, गाडी स्टँडवरून जेमतेम सुटेल इतकी उचलावी, स्टँड पायाला धरून बाहेर ओढावेत आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू सोडावा. नट पूर्ण आवळायचे ते चाक जमिनीला टेकल्यावर, समोरासमोरच्या जोड्यांनी, पुस्तिकेत दिलेल्या जोरावर टॉर्क पान्ह्याने. ब्रेकचे काम केले असेल तर गाडी हलवण्यापूर्वी पॅडल घट्ट लागेपर्यंत ते काही वेळा दाबावे, त्यानंतरच पाचरी काढाव्यात, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.